कोंबडीला हात न लावता

कोंबडीला हात न लावता तिच्या पोटातले जंत काढता येतात, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं होतं. आमच्या कोंबड्या हात लावू देत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही लावायचा नव्हता. पुढे जे काही चुकत गेलं ते बहुतेक या एका सोयीपायी चुकलं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो आणि भोर तालुक्यातल्या घरी राहायला आलो. मागे परसात जागा होती, जुना आंबा होता, गोठा रिकामा पडला होता. हिने सुचवलं, चार कोंबड्या पाळू या. चारांच्या विसेक झाल्या. काही गिरिराज, बाकीच्या गावरान, आणि काहींची जात कोणती म्हणावी ते त्यांच्या आयांनाच ठाऊक. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पाळणीसाठी तयार केलेली जात. अंगाने भरलेली, स्वभावाने जरा सुस्त. धरायला गेलं तर दोन पावलं पळते आणि बसते. गावरानीचं तसं नाही. माणूस दाणे घेऊन आलाय की मनात काही धरून आलाय, हे तिला फाटकातच कळतं. दिवस मावळला की गिरिराज गोठ्यातल्या खुराड्यात जायच्या आणि गावरान आंब्यावर चढायच्या. पिल्लं असताना आम्ही त्यांना कधी हातात घेतलं नाही, दाणेही लांबूनच फेकले. “राहू देत त्यांच्या मनासारख्या,” असं मी मोठ्या उदारपणे म्हणायचो. त्या उदारपणात चोचीची आणि नखांची भीती किती होती, ते मला माहीत होतं.

पहिल्याच पावसाळ्यात अंडी कमी झाली. पावसाळ्यात होतातच, म्हणून सोडून दिलं. तुरे फिके पडले, ते ऊन नाही म्हणून. शीट पातळ झाली, ती ओल्या चाऱ्याने. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एकेक कारण तयार होतं आणि त्यातलं एकही तपासायला उठावं लागत नव्हतं. आमच्यात एक लंगडी नावाची गावरान कोंबडी होती. पिल्लू असताना मांजराने तिचा पाय धरला होता. ती दिवसभर पिसं फुगवून गोठ्याच्या दाराशी बसायची आणि मी हिला म्हणायचो, बघ कशी गुबगुबीत झालीये. कोंबडीचं वजन घटलेलं डोळ्यांना दिसत नाही. ती हातात घेऊन छातीवरून बोट फिरवावं लागतं. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक, नुसतंच हाड वर आलेलं लागलं तर पोटात काहीतरी आहे. पण उचलत कोण होतं?

मग एका सकाळी लंगडीच्या शिटेत शेवईसारखा पांढरा जंत वळवळताना दिसला. चांगला बोटभर लांब. मी वाकून बघतोय तोवर दुसऱ्या एका कोंबडीने तो चोचीत धरून पळवला, आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या, जणू काही खाऊच वाटला होता.

हा गोलकृमी. पशुवैद्यकातलं नाव ॲस्केरिडिया. कोंबडीच्या लहान आतड्यात राहतो आणि 5 ते 12 सेंटिमीटर वाढतो. अर्थात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गाडी काढली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यावरून पुढे जाऊन औषधाच्या दुकानात गेलो. दवाखान्यात थांबलो नाही, कारण डॉक्टर म्हणाले असते, कोंबडी आणा. दुकानदाराने विचारलं, किती कोंबड्या? मी म्हणालो, वीस धरा. त्याने पिपराझिनची बाटली काढून दिली आणि म्हणाला, पाण्यातून द्या. जंत कसला, वजनं किती, अंड्यावर आहेत का, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ‘पाण्यातून’ हा शब्द ऐकून मला इतकं हायसं वाटलं होतं की आणखी काही विचारून ते घालवायचं नव्हतं.

दिवस आषाढाचे. भोरकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मी भांड्यात मापून औषध टाकलं, भांडं खुराड्यापाशी ठेवलं आणि ओसरीवर बसून वाट पाहिली. कोंबड्या पागोळ्यांखाली साचलेलं पाणी प्यायल्या. डबक्यातलं प्यायल्या. मोरीच्या तोंडाशी जाऊन खरकटं पाणी प्यायल्या, अळवाच्या पानावरचे थेंबसुद्धा टिपून घेतले. औषधाच्या भांड्याकडे आली ती एकटी पाटलीण. ही आमच्या कळपातली थोरली गिरिराज. दाणे टाकले की पहिली चोच तिची आणि पाण्यावरही पहिला हक्क तिचा. ती भरपूर प्यायली. तिच्यामागून दोघी-तिघींनी चोच बुडवली. लंगडी तर त्या बाजूला फिरकलीच नाही, कारण पाटलीण तिला येऊ देत नव्हती.

पाण्यातून औषध द्यायचं तर कोंबडी आधी तहानलेली पाहिजे आणि दुसरीकडे कुठेच पाणी मिळता कामा नये. पोल्ट्रीच्या बंद शेडमध्ये ते जमतं. आषाढात मोकळ्या परसात कोंबडीला तहान लावायची तर आधी आभाळ झाकावं लागेल.

तरी दुसऱ्या दिवशी दोन-चार जंत पडलेले दिसले आणि मी जिंकल्याच्या आनंदात हिला बोलावून ते दाखवले. पिपराझिनने जंत मरत नाही. तो लुळा पडतो, त्याला आतड्यात टिकून राहता येत नाही आणि तो शिटेबरोबर बाहेर येतो. तेही मोठ्या गोलकृमीचं. आतड्यात अजून वाढीला लागलेल्या पिल्लावळीवर या औषधाचा फारसा जोर चालत नाही, आणि पट्टकृमींवर तर मुळीच नाही. म्हणजे पाटलिणीच्या पोटातले मोठे गोलकृमी पडले, एवढंच माझं यश. बाकी कळप होता तसाच राहिला.

त्यात भर म्हणजे पडलेली घाण मी तशीच राहू दिली. खुराड्यात भाताचं तूस अंथरलेलं होतं, ते पावसाच्या झडीने भिजलं होतं. गोलकृमीची मादी हजारोंनी अंडी घालते आणि ती शिटेतून बाहेर पडतात. ताजी अंडी कोंबडीने टिपली तर तिला काही होत नाही. पण ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या आत अळी तयार होते, आणि मग प्रत्येक अंडं म्हणजे नवा जंत. मातीत ती महिनोन्‌महिने टिकून राहतात. मी औषधावर पैसे खर्च केले आणि जंतांना अंथरूण घालून दिलं.

मधल्या काळात लसूण झाला, हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला. कुणी वावडिंग सांगितलं, तेही आणलं. यातल्या कशाने कोंबड्यांचं काही बिघडलं नाही आणि जंतांचंही नाही. मग भाकरीच्या काल्यात औषध कालवून पाहिलं. काला पाटलिणीने खाल्ला.

आता मात्र एकेक कोंबडी धरायलाच हवी, हे माझ्या डोक्यात शिरायला दिवाळी उजाडली. तोवर वाचून वाचून अल्बेंडाझोलपर्यंत पोचलो होतो. हे गोलकृमींवरही चालतं आणि जास्त मात्रेत पट्टकृमींवरही, म्हणून दुकानातून गुरांसाठी मिळणारं पातळ औषध आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, 2.5 टक्के. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब हा माझा प्रांत. एका मिलीत अडीच मिलिग्रॅम औषध असं धरून मी कोंबडीमागे किती मिली लागेल ते काढलं. कळपाला सगळं मिळून शंभर मिलीची अख्खी बाटली लागत होती. गुरांना पाजायची बाटली वीस कोंबड्यांत संपते कशी, ही शंका खरं तर तिथेच यायला हवी होती. आली नाही.

सुट्टीला पुतण्या आला होता. त्याला आणि जुन्या मच्छरदाणीला घेऊन मी सकाळी लख्ख उजेडात कोंबड्या धरायला निघालो. पहिल्या फटक्याला मच्छरदाणी कुंपणाच्या तारेत अडकली. गिरिराज गोठ्यात शिरल्या, गावरान कौलांवर गेल्या. एक शेजारच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि तिच्याकडे आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. तासाभराने परसात पिसंच पिसं झाली होती, पुतण्याचं कोपर सोललं होतं, आणि हाताला लागल्या होत्या दोन सुस्त गिरिराज आणि एक कवडी. कवडी म्हणजे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची गावरान, कळपात सगळ्यात जास्त अंडी देणारी. ती आंब्याच्या बुंध्याशी कोपऱ्यात सापडली.

त्या वेळचं मला सगळं आठवतं. कवडी धापा टाकत होती. चोच उघडी, आतली जीभ वर-खाली होत होती. मी म्हटलं, बरं झालं, चोच उघडायचे कष्ट वाचले. पुतण्याने तिला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरलं होतं. बिनसुईची सिरिंज भरून मी थेट जिभेच्या मागे नेली आणि दांडा एका दमात दाबला. पाचेक मिली असेल. तिने एकदा खोकल्यासारखं करून मान झटकली, पांढरं औषध माझ्या सदऱ्यावर उडालं. मला वाटलं, थोडं सांडलं. सोडल्यावर ती चार पावलं चालली आणि बसली. संध्याकाळपर्यंत तिच्या श्वासातून घरघर येत होती. आंब्यावर चढली नाही. सकाळी खुराड्याच्या दाराशी मरून पडली होती.

तिला पिशवीत घालून मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी सांगितलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं, मागच्या पडवीत वर्तमानपत्र पसरलं आणि कवडीला उताणी ठेवून कात्री चालवली.

“किती पाजलं होतं काका?”

“पाच मिली.”

कात्री थांबली. “पाच? हे औषध?” मी बाटली दाखवली. त्यांनी 2.5 टक्क्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “टक्का म्हणजे शंभर मिलीत अडीच ग्रॅम. एका मिलीत पंचवीस मिलिग्रॅम झाले ना!”

दसपट. मी उभी हयात साखरेचा उतारा टक्क्यांत मांडला. अकरा टक्के उतारा म्हणजे शंभर किलो उसामागे अकरा किलो साखर, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बाटलीवरचा टक्का मात्र मला वाचता आला नाही. बाई पुढे म्हणाल्या, की बाकीच्या दोन कोंबड्यांवर लक्ष ठेवा, या औषधात थोडी सूट असते, लेव्हामिसोलसारखं असतं तर एवढीही मिळाली नसती. त्या दोघी वाचल्या. बरेच दिवस अंडी मात्र दिली नाहीत.

मग त्यांनी कवडीची चोच उघडून मला आत बघायला लावलं. जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध, एक बारीक उभी फट दिसत होती. ती श्वासनलिका. माणसाच्या घशात गिळताना श्वासाच्या वाटेवर पडदा येतो, तसा पडदा कोंबडीला नाही. धापा टाकणाऱ्या कोंबडीची ती फट उघडीच असते, आणि मी सिरिंज नेमकी तिच्यावर धरली होती. बाईंनी नळी लांबीत कापली. आत औषधाचा पांढरा थर. “औषध बरोबर होतं हो,” त्या म्हणाल्या, “चुकीच्या वाटेने गेलं.” आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला तोवर माहीत नव्हती: कोंबडीला आपल्यासारखा पोट आणि छाती वेगळी करणारा स्नायूचा पडदा नसतो, छातीचा पिंजरा हलला तरच तिला श्वास मिळतो. छाती आवळून धरली की तिचा श्वासच बंद. म्हणजे पुतण्याला मी “घट्ट धर” म्हणत होतो तेही चूकच.

पण खरं आश्चर्य पुढे होतं. बाईंनी आतडं काढून कात्रीने उभं चिरलं आणि पाण्याखाली धरलं. गोलकृमी निघाले, पण थोडेच. त्याच्या पुढच्या भागात मात्र पांढऱ्या, चपट्या, बारीक बारीक भागांच्या फिती लोंबत होत्या आणि पाण्याने वाहून जात नव्हत्या. डोक्याकडून आतड्याच्या भिंतीत रुतून बसल्या होत्या. त्यांनी आतडं उलटं करून बाहेरचा भाग दाखवला, तर जिथे जिथे डोकी रुतली होती तिथे बाहेरून गाठी आल्या होत्या. मी बोट लावून पाहिलं. हाताला कण लागत होते. हे पट्टकृमी, रायलेटिना जातीचे. ज्या औषधाचा पावसाळ्यात मी एवढा जयजयकार केला त्याला हे काडीचीही दाद देत नाहीत. यांची अंडी कोंबडीने खाल्ली तरी तिला काही होत नाही. ती आधी मुंगीने किंवा किड्याने खावी लागतात, आणि तो किडा कोंबडीने. आमच्या आंब्याखाली मुंग्यांची वारुळं होती आणि कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत असायच्या. मला ते पाहून बरं वाटायचं. फुकटचा पौष्टिक खाऊ!

त्यानंतर मी पहिल्यांदा शीट तपासायला नेली. खुराड्यातल्या वेगवेगळ्या जागची ताजी शीट, स्वच्छ डबीत. दवाखान्यात ती मिठाच्या दाट पाण्यात कालवतात. जंतांची अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात आणि ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मलाही बघू दिलं. जाड कवचाची, लांबट गोल अंडी, एका नजरेत कितीतरी. पट्टकृमी या तपासणीत हुकू शकतात, म्हणून शिटेत पांढरे चपटे हलणारे तुकडे दिसतात का तेही बघायचं. या सगळ्याला पैसे म्हणाल तर बाटलीपेक्षा कमी लागले. बाईंनी औषध आणि मात्रा लिहून दिली. ती इथे लिहीत नाही. कुठेतरी वाचलेली मात्रा कागदावर उतरवूनच मी दसपटीला पोचलो होतो.

राहता राहिला प्रश्न धरण्याचा. तो सोडवला पलीकडच्या आळीतल्या आजींनी. त्यांनी मच्छरदाणीची हकिकत गावभर ऐकली होती, आणि मला बघून पदर तोंडाला लावला.

“अवो भाऊ, कोंबडी काय दिसाढवळ्या धरत्यात व्हय? रातीची आंधळी असती ती. अंधार पडू द्या, आन्‌ मग फळावानी तोडून घ्या.”

हे मला साठी उलटल्यावर कळावं? कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे रात्री ती बसल्या जागेवरून हलत नाही. पण आंब्यावरच्या कोंबड्या तोडून घ्यायला मी काही झाडावर चढणार नव्हतो. त्यांना खुराड्यात झोपायची सवय लावावी लागली. दुपारचे दाणे बंद केले. संध्याकाळी दाणे फक्त खुराड्याच्या आत, तेही माझ्या हाताने, तिथेच बसून. सुरुवातीला गिरिराज खायच्या आणि गावरान दाराबाहेर उभ्या राहून माझ्याकडे संशयाने बघायच्या. हळूहळू आत आल्या. मग मी हात दाण्यांतच ठेवायला लागलो. लंगडी पहिल्यांदा माझ्या बोटांजवळ चोच मारून गेली तेव्हा माझाच हात मागे आला. पाखरांपेक्षा मला सवय व्हायला जास्त वेळ लागला, असं ही म्हणते. खोटं नाही.

औषधाच्या रात्री टॉर्चला लाल कापड बांधलं. आजी मदतीला आल्या. त्या कोंबडी पायांना धरून उलटी टांगतात, आयुष्यभर तसंच धरत आल्यात. बाईंनी मला तसं करू नका म्हणून बजावलं होतं. उलटं टांगलं की आतली आतडी आणि बाकीचे अवयव छातीकडे येऊन श्वासाला अडचण होते, आणि गळ्यातलं खाल्लेलं उलटून नळीत जाऊ शकतं. आजींना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. मी एवढंच म्हणालो, आजी, धरायचं मी बघतो, तुम्ही टॉर्च धरा. म्हातारीला ते कळलं असावं. पण टॉर्च तिने शेवटपर्यंत न हलवता धरला.

पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचलायची, जुन्या टॉवेलात गुंडाळून काखेत घ्यायची, छाती मोकळी ठेवायची. आधी कापडी पिशवीत घालून ताणकाट्यावर वजन. मी सगळ्यांना दोन किलो धरून चाललो होतो. पाटलीण भरली 2 किलो 400 ग्रॅम आणि लंगडी 900 ग्रॅम. बाटली दर वेळी हलवून घ्यायची, कारण हे औषध पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. मग सिरिंजचं टोक चोचीच्या कडेला लावून एक थेंब. गिळू द्यायचं. पुन्हा थेंब. गिळलं की गळ्याची हालचाल दिसते. झालं की पायात लाल दोरा, आणि ही वहीत लिहून घेणार. कवडीवर मी एक क्षण घालवला होता, इथे एकेकीवर बराच वेळ गेला. कुणी ओरडली नाही. पाटलिणीने तेवढी माझ्या मनगटाला चोच मारली. दुसऱ्या दिवशी सगळं तूस काढून लांब खड्ड्यात पुरलं, जमीन खरवडून चुना मारला, कोरडं तूस घातलं. तीन आठवड्यांनी बाईंच्या सांगण्यावरून दुसरी मात्रा; पहिल्या वेळी पोटात वाढत असलेले किंवा नंतर मातीतून गेलेले जंत तोवर वयात येतात.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं होतं की चुका संपल्या.

बाईंनी चिठ्ठीच्या खाली ठळक लिहिलं होतं, इतके दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. औषध अंड्यात उतरतं. तेव्हाच मला लख्ख आठवलं की पावसाळ्यात पाण्यातून आणि काल्यातून औषध दिलं तेव्हा आम्ही दोघांनी रोज अंडी खाल्ली होती, विकलीही होती. बाटलीच्या लेबलाकडे तेव्हा बघितलंच नव्हतं. आता बघितलं होतं. पण अंडी टाकायला हात होईना. गावरान अंड्याला किंमत येते, आणि बऱ्याच महिन्यांनी कोंबड्या पुन्हा अंड्यावर आल्या होत्या. उद्या पुरू, परवा पुरू असं करत मी ती गोठ्यातल्या टोपलीत साठवत गेलो. हिला सांगितलं नाही. कोंबड्या माझं खातं, असा माझा तोरा होता.

शेजारच्या काकूंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हिने गोठ्यातली टोपली पाहिली, तिला वाटलं मी विकायला साठवलीत, आणि त्यातली सहा अंडी काकूंकडे नेऊन दिली. रात्री जेवताना सहज म्हणाली, “अहो, पोरीला अंडी दिली हो आपली. आनंद झाला काकूंना.”

अल्बेंडाझोल माणसांनाही देतात आणि गरोदर बाईला ते टाळतात, हे मी वाचलं होतं. तेवढ्या दिवसांनी अंड्यात उतरून उतरून किती उतरणार, हा हिशेब मी ताटावर बसून करत होतो. टक्का न वाचता येणारा माणूस! मी काही बोललो नाही. भात खाल्ला, हात धुतला, अंथरुणावर पडलो. रात्रभर झोप नाही, आणि तरी उठून शेजारच्या दाराशी गेलो नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या रात्रीची. कवडी अज्ञानाने मेली. इथे अज्ञान नव्हतं.

सकाळी गेलो. दोन अंडी उकडून खाऊन झाली होती. मी सगळं सांगितलं, बाटलीही दाखवली. काकूंनी मुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, उरलेली अंडी टाकून द्या म्हणाले आणि ठरलेल्या तारखेला तपासणीला या म्हणाले. पुढे सगळं सुरळीत झालं, त्यात माझा काही वाटा नाही. काकू मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, सांगितलंत हे बरं केलं. पण वहिनींनी काल संध्याकाळी अंडी आणली, तुम्ही आज सकाळी आलात.” त्यांचं आमचं येणं-जाणं आहे, सणाला ताट येतं. अंडी मात्र त्या तेव्हापासून बाजारातून आणतात.

आता औषध पाजलं की त्याच रात्री ही कॅलेंडरवर खूण करते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत अंडी पुरायची ती. तुमच्याकडे कोंबड्या असतील तर एवढं करा: शीट तपासून घ्या, डॉक्टरांना अंड्यांचे दिवस विचारा, आणि ज्यांच्या घरी तुमची अंडी जातात त्यांना औषध पाजायच्या आधी सांगून या.